उल्फकेलची सून

मी उल्फकेलची सून नव्हते. त्याचे दोन्ही मुलगे बिनलग्नाचेच गेले. पण मोठ्या नदीच्या दक्षिणेला, परक्यांच्या गढीत, तेरा वर्षं मला सगळे त्याच नावानं ओळखत होते आणि मीही त्या हाकेला ओ देत होते. ते कसं झालं, ते सांगते.

आमचं गाव यॉर्कच्या उत्तरेला, डोंगराच्या कुशीत, ओढ्याकाठी. घरं अकरा आणि नांगर दोन. नांगर म्हणजे आठ बैलांचा. कुणाचा एक बैल, कुणाचे दोन, असे जुंपून सगळ्यांची शेतं व्हायची. त्यामुळे गावात कितीही भांडण झालं तरी पेरणीपर्यंत ते मिटवावंच लागे. माझा नवरा गामेल नांगराची मूठ धरायचा आणि शेजारचा उल्फकेल पराणी घेऊन बैलांबरोबर चालायचा. उल्फकेल बैलांशी जितकं गोड बोलायचा, तितकं माणसांशी बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

त्या साली सुगी संपता संपता बातमी आली. डेन लोकांची जहाजं नदीत शिरली होती. आपल्याकडचे सरदार त्यांना जाऊन मिळाले होते. समुद्रापलीकडून येऊन तीन वर्षांपूर्वी गादीवर बसलेल्या नॉर्मन राजानं यॉर्कात जे दोन किल्ले उभे केले होते, ते पाडायचे ठरले होते. ज्याच्या हातात कुऱ्हाड धरायची ताकद आहे, त्यानं यावं, असा निरोप होता.

गामेल उल्फकेलच्या दाराशी गेला.

"काका, तोकीला आणि ओर्मला पाठव माझ्याबरोबर."

उल्फकेल बैलाचा खूर तासत होता. मान वर न करता म्हणाला, "राजा बदलला म्हणून बैलाचं शेण बदलतं का रे?"

"उद्या इथं येऊन किल्ला बांधतील, मग?"

"बांधू दे. दगड त्यांचे."

"दगड त्यांचे, पण वाहायला पाठ तुझ्या पोरांची."

"पाठ दुखली तर बरी होते. मान तुटली तर?" उल्फकेलनं खूर सोडला आणि बैलाच्या मानेवर थाप मारली. "तू जा. तुला मिरवायची हौस आहे. माझी पोरं पेरणी करतील."

गामेल गेला. त्याची आई मेरेवीन दारात उभी राहून म्हणाली, "जा बाबा, पण बापासारखा चौघांच्या खांद्यावर परत येऊ नकोस. मला आता रडायला पहिल्यासारखं जमत नाही."

बाराव्या दिवशी तो आपल्या पायांनी परत आला. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत तलवारीची जखम होती आणि ती कुणीतरी जाड दोऱ्यानं शिवली होती. किल्ले पडले होते. गावानं तीन दिवस जवाची दारू उपसली. आमची इंगा तेव्हा पाच वर्षांची. ती बापाच्या मांडीवर चढून टाक्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "बा, तुला कुणी शिवलं?"

"एका चांभारानं."

"मग तू जोडा झालास?"

गामेल हसायला लागला आणि गाल ताणून रक्त आलं. तरी हसत राहिला. त्याला तसा हसताना मी तेव्हाच शेवटचं पाहिलं.

पुढचं सगळं भराभर झालं. राजानं डेन लोकांना आतून पैसे देऊन वळवून घेतलं. ते जहाजांत बसले आणि गप्प झाले. आपले सरदार डोंगरात पांगले. हिवाळ्याच्या तोंडावर, मार्टिनच्या सणाला आम्ही डुकरं कापून मांस खारवून ठेवलं आणि त्याच आठवड्यात दक्षिणेकडून माणसं पळत यायला लागली. ती थांबत नव्हती. पाणी मागायची, प्यायची आणि चालू लागायची. एका बाईला मी विचारलं, "सैन्य किती मोठं आहे?" ती म्हणाली, "सैन्य नाही गं. पाच-पाच, दहा-दहा जण आहेत. पण सगळीकडे आहेत."

गामेलनं ओळखलं. तो घरोघर सांगत फिरला, की वर दलदलीतल्या घळीत चला, जनावरं घेऊन चला. कुणीच ऐकलं नाही. उल्फकेल तर दारातून ओरडला, "आम्ही काय केलंय? पळायचं तर चोरानं पळावं. तोकी, ओर्म, गोठा सारवा. तोंडं काय बघताय?"

आम्ही चौघंच वर गेलो. मी, गामेल, इंगा आणि सासूबाई. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. घळीतून गाव तळहातावर असल्यासारखं दिसायचं.

लुटायला आले असते तर बरं झालं असतं. लुटारू काहीतरी ठेवून जातो. त्याला पुढच्या वर्षी परत यायचं असतं. हे लुटायला आलेच नव्हते. त्यांना कामं वाटून दिलेली होती. काही जण कोठारांकडे गेले, काही गोठ्यांकडे. दोघं तर फक्त नांगरांसाठी होते. ते घरामागे जाऊन बरोबर दोन्ही नांगर ओढत घेऊन आले आणि आगीत टाकले. बियाण्याचे जव, खारवलेलं मांस, गवताच्या गंजी, माग, विळे, कोंबड्यांची खुराडी, सगळं त्यात गेलं. त्यांच्यातला एक जण वाकून आगीत काहीतरी लोटत होता, ते मधमाश्यांचं पोळं होतं. कुणी ओरडत नव्हतं, हसत नव्हतं. सुगीतल्या गड्यांसारखे ते काम करत होते. आणि हाती लागेल त्या पुरुषाला मारत होते.

तोकी आणि ओर्म बैलांचे दोर सोडायला गोठ्यात धावले. गोठ्याच्या दारातच त्यांना पाडलं. बैल आत होते. मग छपराला आग लावली.

सांगायला लाज वाटते, पण सांगते. वारा आमच्याकडे होता. बैल भाजल्याचा वास वर आला आणि इंगा म्हणाली, "आई, भूक लागली."

गामेलनं घळीच्या मातीत तोंड खुपसलं.

उल्फकेल त्या सकाळी लाकडं आणायला रानात गेला होता, म्हणून वाचला. आम्ही खाली उतरलो तेव्हा तो दोन्ही मुलांना ओढत ओढ्याकाठी आणत होता. एकाला थोडं ओढायचा, मग मागे जाऊन दुसऱ्याला. गामेल मदतीला पुढे झाला. उल्फकेलनं त्याच्याकडे पाहिलं.

"हात लावू नकोस," तो म्हणाला. "तू गेलास, तू जिवंत. हे गेले नाहीत, हे मेले. कुठला न्याय हा? सांग की. यॉर्कला जाऊन आलायस, शहाणा माणूस तू."

गामेल मागं सरकला. जमीन गोठलेली होती. उल्फकेलनं जळक्या फाळाच्या तुकड्यानं दोन दिवस एकट्यानं खड्डा खणला.

वाचलेल्या बायका पोरं घेऊन उत्तरेला निघून गेल्या होत्या, अकरा घरांतली आम्ही नऊ माणसं उरलो होतो. जळक्या राशीतून करपलेले दाणे वेचून, बैलांचं जे काही खाण्याजोगं होतं ते खाऊन पंधरवडा काढला. मग बर्फ पडलं. रस्त्यानं जाणाऱ्यांनी आणलेली बातमी एकच होती, की नदीपर्यंत सगळं असंच आहे. दक्षिणेला, मोठ्या नदीपलीकडे एका विधवा मालकिणीची गढी आहे, तिनं राजाशी सलोखा केलाय, तिथं धान्य आहे. डोकं दिलं तर घेतात. डोकं देणं म्हणजे दास होणं. मालकाच्या हातात आपलं डोकं द्यायचं आणि त्याच्या हातचं खायचं.

गामेल मोकळा माणूस. त्याचा बाप, आजा पंचायतीला कमरेला शस्त्र लावून बसलेले. तो दोन दिवस राखेतून दाणे वेचत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "थोरा, पोरीला बांध पाठीला."

सासूबाई चुलीच्या दगडाशी बसल्या होत्या. घर नव्हतं, छप्पर नव्हतं, नुसता दगड आणि त्याच्या मागे काळी भिंत.

"तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "मी घर सांभाळते."

"घर कुठंय, आई?" गामेल म्हणाला.

"चूल आहे ना. चूल आहे तिथं घर आहे." मग माझ्याकडे वळल्या. "थोरा, याला समजव. मी चार पावलं चालेन, पाचव्याला हा मला पाठीवर घेईल. मग पोरीला कोण घेईल? बैलाला कळतं इतकं, याला कळत नाही."

गामेल त्यांना उचलायला वाकला. त्यांनी त्याच्या गालावर चापट मारली. जखमेच्या नाही, दुसऱ्या. मग तिथंच हात ठेवून राहिल्या. आम्ही निघालो तेव्हा त्या राखेत काटकी घालून निखारा शोधत होत्या. निखारा नव्हता. तीन दिवसांपूर्वीच विझला होता, हे त्यांनाही माहीत होतं.

उल्फकेल आमच्याबरोबर आला नाही, आमच्या मागून आला. एकट्या माणसानं त्या रस्त्यावर जाणं बरं नव्हतं, आणि भुकेली माणसं तिथं काय करत होती ते मी सांगणार नाही. वीस पावलं अंतर ठेवून तो चालायचा आणि गामेलला शिव्या घालायचा. सकाळी डोळे उघडले की सुरू. "मिरव आता. गाल मिरव." शिव्या ऐकू आल्या की म्हातारा जिवंत आहे हे कळायचं. एका दिवशी गामेलला साळिंदरासारखं काटेरी, मुठीएवढं जनावर झोपलेलं सापडलं. ते भाजलं. त्यातला चौथा हिस्सा त्यानं मागे एका दगडावर ठेवला आणि आम्ही पुढे झालो. थोड्या वेळानं मागून आवाज आला, "मीठ नाही याला!" कितीतरी दिवसांनी मला हसू आलं आणि हसताना ओठ फाटला.

नदी वरच्या अंगाला गोठली होती, तिथून ओलांडली. सोळाव्या दिवशी गढी दिसली. तटाभोवती माणसंच माणसं, रांगच रांग. आणि चौरस्त्यावर ओकच्या झाडाला तिघं जण टांगलेले.

रांगेतली एक बाई म्हणाली, "तुझ्या माणसाला पुढं आणू नकोस गं. ज्याच्या अंगावर ताजा वार दिसतो, त्याला यॉर्कचा बंडखोर म्हणून शिपाई धरतात. बायकापोरांना हाकलून देतात. मालकीण नाही करत, राजाची माणसं बसलीयत आत."

आम्ही कुंपणाच्या झुडपांमागे गेलो. दुपारची वेळ होती, ऊन होतं. गामेलनं टोपडं हनुवटीपर्यंत ओढून पाहिलं. तरी तो लाल वण दिसत होता. राख चोळली, तरी दिसला.

"नीट ऐक," तो म्हणाला. "विचारतील, नवरा कुठंय. म्हण, तापानं मेला. सुगीच्या आधी. यॉर्कचं नाव काढू नकोस."

"मी नाही म्हणणार."

"म्हणशील."

"गामेल, जिवंत माणसाला मेला म्हणू? तोंड झडेल माझं."

"झडू दे. पण आधी पोरीला खायला घाल." मग हळू आवाजात म्हणाला, "एकदाच म्हणायचंय, थोरा. जवाची पेरणी असते त्या सुमाराला मी घरी असेन. जमलं तर ये."

इंगा अर्धवट झोपेत होती. त्यानं तिचं डोकं हुंगलं, जसं मेंढी कोकराला हुंगते तसं, आणि म्हणाला, "मी लाकडं घेऊन येतो हं." ती म्हणाली, "ओली आणू नको."

उल्फकेल वीस पावलांवर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.  त्याच्या एका शब्दानं गामेल त्या ओकच्या झाडावर गेला असता. आणि त्याला तो शब्द उच्चारायला कारणही होतं.

रांग सरकत गेली. फाटकात कारभारी बसला होता. वूल्मर नावाचा, सर्दी झालेला, थकलेला माणूस. शेजारी दोन नॉर्मन शिपाई.

"नवरा?"

"तापानं गेला," मी म्हणाले. "सुगीच्या आधी." माझं तोंड झडलं नाही.

"बरोबर पुरुष कोण?"

"कुणी नाही."

वूल्मरनं नाक पुसलं. "बाई, दोन हात आणि दोन तोंडं मला परवडत नाहीत. मागं बघ किती उभे आहेत ते. घरात कामाचा पुरुष असेल तर घेतो. नाहीतर पुढच्या मठात बघ."

पुढचा मठ चार दिवसांवर होता. इंगाला चार दिवस नव्हते. मी काही बोलणार, तेवढ्यात पाठीवर ती जागी झाली. रस्त्यापलीकडे माणसांच्या गर्दीत गामेल उभा होता. आम्हाला आत घेतात की नाही, ते पाहायला थांबला होता. वळून निघाला, आणि पोरीनं ती पाठ ओळखली.

"बा!" ती किंचाळली. "बा!"

शिपायांनी मान वळवली. एकानं भाल्याला हात घातला.  गामेल चालत राहिला. पावलाचा वेगही बदलला नाही.

"बा!"

"ओरडतीस कशाला? हा काय, इथंच आहे मी!"

उल्फकेल रांगेत माझ्या मागेच येऊन उभा होता. त्यानं इंगाला माझ्या पाठीवरून ओढून घेतलं, तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं आणि वूल्मरवर डाफरला, "जरा लघवीला गेलो तर रडून गाव गोळा केलं. नात आहे माझी. बाप मेल्यापासून मलाच बा म्हणते. ही माझी सून. म्हणे कुणी नाही! भुकेनं डोकं फिरलंय तिचं. मी काय भूत आहे?"

वूल्मरनं त्याला वरून खाली पाहिलं. "म्हातारा आहेस तू."

"म्हातारा आहे म्हणूनच बैल कळतात. तो बघ तुझा तांबडा, मागचा डावा पाय टेकवत नाहीये. खुरात काटा आहे. दोन दिवसांत सडेल."

वूल्मरनं माणूस पाठवला. खूर उचलून पाहिला. काटा निघाला.

अशी मी उल्फकेलची सून झाले. वूल्मरच्या गुडघ्यांशी वाकून मी डोकं त्याच्या हातात दिलं. त्याचे हात गरम होते. तापच असेल अंगात. मग त्यानं मला विळा दिला आणि उल्फकेलला पराणी दिली. दास झाल्याची तीच खूण. आत गेल्यावर ओटांची पेज मिळाली. इंगा खात होती आणि मी तटाच्या भोकातून रस्ता बघत होते. माणसं खूप होती. त्यातली एकही पाठ त्याची नव्हती.

वसंतात बर्फ वितळलं आणि रस्त्याच्या कडेला, कुंपणांखाली जे झाकलेलं होतं ते उघडं पडलं. मालकिणीनं आम्हा बायकांना पुरायच्या कामाला लावलं. प्रत्येकाचा डावा गाल मी आधी बघायची. ज्यांचा गाल बघण्यासारखा राहिला नव्हता, त्यांचे हात बघायची. एकशे चाळीसच्या पुढे मी मोजणं सोडलं. तो सापडला नाही. न सापडणं चांगलं की वाईट, ते मला तेव्हाही कळलं नाही.

पेरणीचा सुमार आला आणि गेला. दासीला गढीची हद्द ओलांडता येत नाही. पळाले असते तर मागं राहिलेल्या म्हाताऱ्याची आणि पोरीची चामडी गेली असती.

एकदा खळ्यात मी उल्फकेलला विचारलं, "काका, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत? इतका राग होता तुमचा."

तो बैलाचं जू पुसत होता. 

"राजा लांब होता गं," तो म्हणाला. "शिव्या द्यायला गामेल जवळ होता. एवढंच." मग म्हणाला, "आणि पोरीनं हाक मारली. तोकी असाच ओरडायचा लहानपणी, मी दिसेनासा झालो की."

इंगा त्याला बा म्हणत राहिली. आधी मी डोळे मोठे करून म्हणायला लावायची, मग तिच्या तोंडी बसलं. दोन वर्षांत तिला वाटायला लागलं की बाप तापानं गेला. तसं ती इतर पोरींना सांगायची. मी खोडून काढलं नाही. लहान पोराच्या तोंडात खरं टिकत नाही, आणि आमचं खरं बाहेर पडलं असतं तर तिघंही रस्त्यावर होतो. मोठी झाली की सांगू, असं म्हणत राहिले. ती मोठी झाली तेव्हा तिच्याकडे बघून वाटायचं, कशाला? उल्फकेल सातव्या वर्षी हिवाळ्यात गेला, तेव्हा ती त्याच्या पायांना धरून बसली होती. "बा, बा," करत होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "हिला सांग," एवढंच म्हणाला. तेव्हाही मी सांगितलं नाही.

तेराव्या वर्षी मालकीण मरायला टेकली आणि आत्म्याला बरं वाटावं म्हणून तिनं चर्चच्या दारात अठरा दासांना मोकळं केलं. त्यांत आम्ही दोघी होतो. इंगा अठरा वर्षांची, लोहाराच्या मुलाशी ठरलेली. मी म्हटलं, लग्नाच्या आधी एकदा घरी जाऊन येऊ.

"घरी म्हणजे?" तिनं विचारलं.

नऊ दिवस चाललो. नदीच्या उत्तरेला अजूनही दिवस दिवस धूर दिसत नव्हता. शेतात बर्चची झाडं माझ्या उंचीची झाली होती. आमच्या ओढ्याशी पोचलो तर मेंढ्या होत्या. आणि एकच घर उभं होतं, आमच्या चुलीच्या दगडाभोवती.

घरातून एक मेंढपाळ बाहेर आला. कोल नाव, पश्चिमेकडच्या डोंगरातला, चाळिशीचा, मोकळा माणूस. मी विचारलं, हे घर कुणी बांधलं?

"मी नाही. गामेल म्हणून होता एक. गालावर एवढा वार." त्यानं कानापासून बोट ओढलं. "मी आलो तेव्हा एकटाच होता इथं. कुदळीनं जमीन खणून जव लावायचा. माणसानं खणून किती होणार? पण दर वर्षी लावायचा. मग मी मेंढ्या घेऊन राहिलो. बरं चाललं होतं आमचं. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात छातीत कफ झाला, त्यात गेला. तिथं पुरलाय, त्याच्या आईशेजारी."

मी चुलीच्या दगडावर बसले. इंगा विचारत होती, "कोण, आई? कोण गामेल?" कोलला वाटलं, आम्ही वाटसरू आहोत, तो बोलत राहिला. बोलायला माणूस मिळालं नसेल त्याला कित्येक दिवसांत.

"चमत्कारिक माणूस होता. सुगी आली की दक्षिणेला निघायचा, मोठ्या नदीपलीकडे, मरेपर्यंत दहा वेळा गेला. नऊ दिवस जायला, नऊ यायला. तिथं कुठल्या गढीच्या शेतावर कापणी चालते, ती कुंपणाआडून दिवसभर बघायची आणि परत यायचं. मी म्हणायचो, वेडा आहेस का? तर हात असा धरून दाखवायचा. 'इतकी झाली,' म्हणायचा. पुढच्या वर्षी हात जरा वर. 'आता इतकी झाली. पेंढ्या बांधते.'"

"मग भेटला का नाही?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाला, खोटं बोलून आत गेलीयत ती. मी तोंड दाखवलं तर त्यांची भाकर जाईल. म्हटलं, इतकी वर्षं झाली, आता कोण विचारतंय? तर कुदळ पुसायला लागला. मग म्हणाला, पोर दुसऱ्याला बा म्हणते, कोल. मी ऐकलंय. म्हातारा तिला खांद्यावर बसवून बैलांना पाणी पाजत होता. बरं चाललंय त्यांचं."

दहा सुग्या. दहाही सुग्यांना मी त्या शेतात वाकलेली होते, विळा हातात, पाठ कुंपणाकडे.

इंगाला मी तिथंच सांगितलं, ओढ्याकाठी, सगळं. यॉर्क, घळ, फाटक, तिची हाक. ती ऐकत होती आणि गवत उपटत होती. 

"मी आठवून बघते, आई," ती म्हणाली. "कुंपणाशी कुणी उभं असायचं का, ते. कुणीच आठवत नाही." आणि मग तिचा बांध फुटला. "एकदा तरी वर बघायचं ना मी!"

मला तिला जवळ घ्यायचं होतं. तिनं घेऊ दिलं नाही. ती रागावली होती, आणि तिचा राग बरोबर होता. तेरा वर्षं मी तिचा बाप मारून ठेवला होता, त्यातली सहा तर उल्फकेल गेल्यानंतरची, जेव्हा शेतात तिला नुसतं सांगितलं असतं तरी ती मान वर करून शोधत राहिली असती.

दुसऱ्या दिवशी ती थडग्याशी गेली. बा म्हणायला तिचं तोंड वळेना. "यांना काय म्हणू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, नावानं हाक मार, चालतं. तिनं "गामेल" म्हटलं, अगदी हळू, अनोळखी माणसाला म्हणावं तसं.

इंगा महिनाभर राहिली आणि दक्षिणेला परत गेली. तिला चार मुलं झाली, थोरल्याचं नाव उल्फकेल. मी गेले नाही. कोलनं राहायला नाही म्हटलं नाही. गामेलनं खणलेल्या तुकड्यात आपोआप उगवलेले जव होते, विरळ, तणात मिसळलेले. ते मी कापले, मळले आणि वसंतात पेरले. इंगा दोन वर्षांतून एकदा येते. आली की विचारते, तो चालायचा कसा, काय आवडायचं, गायचा का. मी सांगते. गाणं येत नव्हतं, पण नांगरामागे गायचा, आणि उल्फकेल बैलांचे कान झाकायचा. ती हसते. मग पुन्हा विचारते. जे होतं ते सगळं सांगून झालंय. आता मी कधीकधी थोडं पदरचंही सांगते.